देवालयाचे प्रांगण : डागांचे निदान आणि उपचार

(परसवाडा येथे महाजन-कुटुंबांच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्मरणिकेच्या निमित्ताने भरलेल्या या सभेत दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. देवस्थानचा इतिहास, पूजापद्धती, उत्सवपरंपरा या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येथे आहेत. मी आयुष्यभर दगड, चुना आणि पाणी यांच्याशीच व्यवहार केलेला मनुष्य. म्हणून आपण ज्यावर बसलो आहोत त्या फरशीविषयी, म्हणजेच देवळाच्या अंगणावर पडणाऱ्या डागांविषयी बोलावे असे मी ठरविले. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आजच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाचा जो ठराव आहे, त्याचा आणि या डागांचा फार निकटचा संबंध आहे. अंगणातील जुनी फरशी उखडून तेथे गुळगुळीत, चकचकीत ग्रॅनाइट बसवावे, असा तो ठराव आहे. त्याचे कारण एकच दिले आहे : 'डाग निघत नाहीत.' डाग खरोखरच निघत नाहीत काय, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. निर्णय अर्थातच सभेचा आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. या अंगणाची जी दुर्दशा झाली आहे, तिचा मोठा वाटा माझ्या पदरी येतो. काही वर्षांपूर्वी देखभालीचे काम माझ्याकडे होते. उत्सव चार दिवसांवर आला होता, तुळशीवृंदावनापासून नळापर्यंतची कोटा फरशी हिरवी-काळी झाली होती, आणि पाहुणे यायचे होते. मी बाजारातून न्हाणीघरात वापरतात ते तीव्र आम्ल आणविले आणि ते फरशीवर ओतविले. फरशी फसफसली. आम्हांला वाटले, मळ निघतो आहे. वस्तुतः निघत होता तो दगड. दुसऱ्या दिवशी फरशी पांढरीफटक दिसली आणि सर्वांनी माझे कौतुक केले. पहिल्याच पावसाळ्यानंतर तीच फरशी पूर्वीच्या दुप्पट काळी झाली. त्याहून मोठे शल्य असे की झाडलोट करणाऱ्या मावशींच्या बोटांना त्या आम्लाने इजा झाली, आणि त्या बिचाऱ्या ती पदराखाली झाकून उत्सवभर काम करीत राहिल्या. ते मला पुष्कळ दिवसांनी कळले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या चुकीचे प्रायश्चित्तच समजावे.

डाग काढण्याच्या शास्त्राचा पहिला नियम वैद्यकासारखाच आहे : औषधापूर्वी निदान. निदान दोन गोष्टींचे करावयाचे, दगडाचे आणि डागाचे.

आधी दगड घेऊ. आपल्या अंगणात दोन प्रकारचे दगड आहेत. गाभाऱ्याभोवतीचा जुना भाग काळ्या, घडीव पाषाणाचा आहे. बाहेरचा भाग नंतर बसविलेल्या कोटा फरशीचा. कोटा, शहाबादी आणि संगमरवर या तिन्हींची जात मुळात चुन्याची आहे. आम्ल लागताच चुना विरघळतो, वायूचे बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. त्या सूक्ष्म खड्ड्यांत माती बसते, पाणी टिकते, आणि शेवाळाला पाय रोवावयास जागा मिळते. माझ्या पराक्रमानंतर फरशी दुप्पट काळी का झाली, याचे उत्तर हेच. काळा पाषाण आणि ग्रॅनाइट हे अग्निजन्य दगड आम्लाने तसे फसफसत नाहीत. पण त्यांतही लोहाचा अंश असतो, आणि तीव्र आम्लाने तो सुटून तांबूस डाग नव्याने उमटू शकतात. गोमंतकातल्या देवळांच्या परिसरात दिसतो तो जांभा दगड सच्छिद्र. त्यावर जोराच्या पाण्याचा फवारा मारला तर डागाबरोबर दगडाचे कणही निघून जातात. परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यात, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. फसफसले तर तो चुन्याचा दगड. त्याच्याजवळ आम्ल, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही नेऊ नये. पितळेची भांडी चिंचेने उजळतात म्हणून फरशीही उजळेल हा समज मनातून काढून टाकावा. परीक्षा झाल्यावर ती जागा लगेच धुवावी.

आता डाग. देवळाच्या अंगणातील डाग घरच्या अंगणातील डागांहून वेगळे असतात, कारण ते बहुतांशी भक्तीने पडलेले असतात.

पहिला डाग तेलाचा. दीपमाळेखाली आणि मारुतीसमोर जे काळे, चिकट थर दिसतात ते तेल, काजळी आणि धूळ यांचे मिश्रण होय. साबणाने ते का निघत नाहीत, याचे कारण तेलाच्या स्वभावात आहे. खोबरेल पुष्कळ काळ तेलच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते; रंगकाम करणारे ते याच गुणासाठी वापरीत. तीळ आणि मोहरीचे तेल या दोहोंच्या मधले. म्हणजे काल सांडलेले तेल आणि दहा वर्षांपूर्वी सांडलेले तेल ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. ताज्या तेलावर पाणी ओतू नये. ते पसरते आणि सांध्यांत शिरते. त्यावर कोरडी मुलतानी मातीची पूड वा लाकडाचा भुसा टाकावा, रात्रभर ठेवावा, सकाळी झाडून काढावा. जुन्या थरासाठी प्रथम लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्टीने हलकेच खरवडावे; लोखंडी खरवडणी नको, कारण तिचे कण मागे राहून गंजतात. नंतर लेप द्यावा.

हा लेप हीच या शास्त्रातील मुख्य युक्ती आहे, म्हणून तिचे तत्त्व सांगतो. डाग दगडाच्या छिद्रांत खोल गेलेला असतो. घासण्याने आपण फक्त वरचा भाग काढतो. लेपातील ओल आत जाते, डाग सैल करते, आणि लेप वाळू लागला की ती ओल डागासह बाहेर, मातीकडे ओढली जाते. मुलतानी माती रिठ्याच्या पाण्यात भिजवून दह्याइतकी घट्ट करावी. तेलासाठी त्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळावा. बोटभर जाडीचा थर द्यावा, वर ओले फडके झाकून एक रात्र ठेवावे, मग फडके काढून पूर्ण वाळू द्यावे. वाळलेला लेप उचलून काढावा आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. एकदा देऊन भागले नाही तर तीनदा द्यावा. आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर हवेतील प्रदूषणाने पिवळसर पडू लागला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने १९९४ साली, आणि पुढे २००१, २००८ व २०१४ साली, मुलतानी मातीच्या लेपाचाच आश्रय घेतला. आपल्या आजीबाई चेहऱ्याला लावीत ती हीच माती. रॉकेल वा टर्पेंटाइन यांनीही तेल सुटते हे खरे. परंतु जेथे अहोरात्र निरांजने तेवतात तेथे ज्वालाग्राही द्रव्य आणण्याचा सल्ला मी देणार नाही.

दुसरा डाग हळदी-कुंकवाचा. हळदीच्या डागावर सोडा किंवा साबण लावला की तो लाल होतो, हा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येक गृहिणीला आहे. हळद अल्कधर्मी द्रव्याशी संयोग पावताच लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी कृती याच गुणावर उभी होती. म्हणून हळदीवर सोडा नको. हळदीचा खरा शत्रू सूर्यप्रकाश. तिचा रंग उन्हात टिकत नाही. जेजुरीच्या गडावर सोमवती अमावास्येला भंडाऱ्याची केवढी उधळण होते, ते आपण ऐकून आहात, काहींनी पाहिलेही आहे. तेथील पायऱ्या शतकानुशतके हळदीने न्हात आल्या, आणि ऊन-पाऊस त्या पुन्हा उघड्या करीत आले. अडचण आहे ती भेसळीची. कृत्रिम रंग घातलेली पूड आणि रासायनिक कुंकू उन्हाने सहजासहजी जात नाहीत. तेव्हा फरशीवर उपाय करण्यापेक्षा शुद्ध हळद-कुंकू आणणे आणि देवीसमोर ते वाहण्यासाठी एक परात ठेवणे अधिक शहाणपणाचे. त्याने भक्तीत काही उणे येत नाही.

तिसरा डाग हिरवा आणि काळा, म्हणजे शेवाळाचा. हा जिवंत डाग आहे. आपल्याकडे पावसाळा जोराचा, आणि परसवाड्याच्या परिसरात झाडांची सावली दाट. शेवाळाला आणखी काय हवे? प्रदक्षिणेच्या मार्गावर पाय घसरून पडण्याचे प्रसंग याच शेवाळाने येतात, आणि वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. त्यामुळे हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. शेवाळ ओले असताना घासू नये, ते पसरते. चार दिवस उघडीप मिळाली की सुकलेले शेवाळ ताठ काथ्याच्या कुंच्याने काढावे, झाडून बाहेर न्यावे, मग साध्या पाण्याने धुवावे. ब्लीचिंग पावडर शेवाळ मारते खरी, पण तिचे क्षार दगडात आणि सांध्यांत राहतात, तुळशीच्या मुळांना अपाय करतात, आणि लोखंडी कड्या-खिळ्यांना गंज आणतात. अगदीच वापरावी लागली तर सौम्य द्रावण करून थोड्या जागेवर, आणि नंतर भरपूर पाणी. एक गोष्ट मात्र घरी जाऊन सर्वांना सांगावी : ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू श्वास कोंडतो, जिवावरही बेततो.

चौथा डाग आपल्या मुलखाचा, त्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. पाय धुण्याच्या नळाखाली काळसर-तपकिरी पट्टा आहे, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. कोणी त्याला काजळी म्हणतो, कोणी शेवाळ. माझ्या मते तो दोन्हीही नव्हे. आपला बालाघाट जिल्हा मँगनीजचा जिल्हा. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे आपल्या कित्येक कुटुंबांच्या चुलीशी जोडलेली आहेत. १८९६ साली परकीय भांडवलाने सुरू झालेला हा उद्योग १९६२ साली 'मँगनीज ओअर इंडिया' या कंपनीकडे आला, तीच आजची 'मॉइल'. ज्या भूमीच्या पोटात हे खनिज आहे, तिच्या पाण्यातही लोह आणि मँगनीज यांचा अंश विरघळून येऊ शकतो. कूपनलिकेतून आलेले पाणी स्वच्छ दिसते. हवा लागली की विरघळलेले लोह तांबूस आणि मँगनीज काळे होऊन खाली बसते. नळाखाली रोज थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याचा असा थर दगडाचाच भाग होऊन बसतो. त्यावर साबण, सोडा, ब्लीचिंग यांचा काही उपयोग नाही. ब्लीचिंगने तर तो अधिकच पक्का होतो, कारण ते प्राणवायू देणारे द्रव्य आहे, आणि येथे उलट क्रिया हवी.

ती उलट क्रिया घडवून आणणारी द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. विहिरीत टाकावयाच्या लाल औषधाने, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटने, हात तपकिरी झाले की आपण लिंबू चोळतो आणि डाग नाहीसा होतो. तो डागही मँगनीजचाच. मोठ्या कामासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात : एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम, त्यात मातीचा लेप भिजवून अर्धा तास, आणि नंतर भरपूर पाणी. परंतु हे विषारी द्रव्य आहे. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि मुले दूर, हे पाळल्यावाचून डब्याचे झाकण उघडू नये. शिवाय हा उपाय केवळ काळ्या पाषाणासाठी आहे. नळ सुदैवाने काळ्या पाषाणावरच आहे. मागील महिन्यात मी त्यातील वीतभर जागेवर प्रयोग केला आहे. सभा संपल्यावर सर्वांनी अवश्य पाहावा. कोटा फरशीवर मात्र हे आम्लही नको. तेथे साधा लेप पुनःपुन्हा देणे आणि संयम धरणे एवढेच आपल्या हाती. आणि दोन्ही ठिकाणचा खरा इलाज म्हणजे नळाची गळती बंद करणे आणि टाकीत येणारे पाणी उंचावरून तुषारांनी पाडून, वाळूच्या थरातून गाळून घेणे. लोह पुष्कळसे तेथेच अडते, मँगनीजही काही अंशी अडते.

याखेरीज किरकोळ डाग आहेत. पिंपळाची आणि आंब्याची पाने ओल्या फरशीवर कुजली की त्यांची तपकिरी आकृती उमटते. रोज झाडणे हाच उपाय, आणि उमटलीच तर ती उन्हात हळूहळू विरते. सांध्यांतून येणारी पांढरी भुकटी हे क्षार आहेत. ते कोरड्या कुंच्याने काढावेत, पाण्याने धुतल्यास पुन्हा आत जातात. विड्याच्या पिंकेविषयी मी बोलणार नाही. ती पुसण्याचे तंत्र शिकण्यापेक्षा न टाकण्याचे वळण लावणे महाजनांना अधिक शोभेल.

आता ठरावाकडे वळतो. गुळगुळीत ग्रॅनाइटवर डाग पडत नाहीत, हा भ्रम आहे. फिकट ग्रॅनाइट तेल शोषते आणि त्यावर गडद ठिपके पडतात. काळे ग्रॅनाइट वैशाखाच्या उन्हात असे तापते की अनवाणी प्रदक्षिणा करणाऱ्याचे पाय पोळतात, आणि पावसात ते इतके निसरडे होते की शेवाळाची गरजच राहत नाही. २०२४ साली पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराच्या जीर्णोद्धारात गाभाऱ्यात मागाहून बसविलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा करण्यात आला. जे तेथे काढले, ते आपण येथे बसविणार काय? कोणी म्हणतील, मग जुन्या फरशीवरच चकाकणारे लेपन द्यावे. अजिंठ्याची कथा त्यांनी ऐकावी. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून आणविलेल्या तज्ज्ञांनी तेथील चित्रांवर रक्षणासाठी लाखेचे लेपन दिले. हेतू उत्तम होता. पुढे ते लेपन पिवळे पडले, आणि ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ खपावे लागले. दगडाला श्वास घेऊ द्यावा, हेच बरे.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : ठराव एक वर्ष पुढे ढकलावा, आणि या वर्षात अंगणाचा ईशान्य कोपरा लेपाच्या पद्धतीने स्वच्छ करून पाहावा. दुसरी : पाणी साचते तेथील फरशा उचलून, उतार दर मीटरला एक सेंटीमीटर ठेवून त्याच फरशा पुन्हा बसवाव्यात. निम्मे डाग साचलेल्या पाण्याचे आहेत. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : झाडलोट करणाऱ्या मावशींना हातमोजे, रबरी जोडे आणि योग्य वेतन द्यावे, आणि फरशीविषयी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्यांना विचारावे. कोणता डाग कोणत्या ऋतूत येतो, पाणी कोठे अडते, हे त्यांच्याइतके आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. मुलतानी मातीत दह्याइतके पाणी घालावे, हे मला त्यांनीच दाखविले.

गोमंतकातील महाजनकीला १९३३ सालच्या नियमावलीचे लेखी बंधन आहे. आपल्या प्रांतात १९५१ सालच्या सार्वजनिक न्यास कायद्याची चौकट आहे. पण कायदा हिशेबाची वही तपासतो, अंगण झाडीत नाही. महाजन या शब्दात 'मोठे' हा अर्थ आहे, आणि मोठेपणाची पहिली पायरी ही आपल्या पायाखालची पायरी आहे. ग्रॅनाइटच्या कडेला देणगीदारांची नावे कोरली जातील, हे मी जाणतो. लेप देणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जाणार नाही. तरी पुढील आषाढात एखादी आजी नातवाचा हात न धरता प्रदक्षिणा पुरी करू शकली, तर ते नाव श्रींच्या दप्तरी लिहिले जाईल, अशी माझी श्रद्धा आहे.

मी चुकलो होतो, तेव्हा आपण मला बोल लावला नाहीत. आज माझे लांबलेले बोलणेही तितक्याच शांतपणे ऐकून घेतलेत.